फायटर मासा सुधारतो आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तळाशी बसतो: कारणे आणि उपाय

लक्षणांचा क्रम बहुतेक घरांत सारखाच असतो. कोणीतरी कंटाळून दिलेला, किंवा दुकानातल्या छोट्या बरणीत फार काळ राहिलेला फायटर (बेटा) घरी येतो. पर अंगाला चिकटलेले, रंग उडालेला, तळाशी पडून. स्वच्छ पाण्यात सोडल्यावर तीन-चार दिवसांत तो तरतरीत होतो, खायला लागतो, पर पसरतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मात्र तो पुन्हा तळाशी बसतो आणि शेपटीच्या कडा झिजू लागतात. दुकानदार निळ्या किंवा पिवळ्या औषधाची बाटली देतो. औषध घालताना पाणीही बदलले जाते, त्यामुळे दोन दिवस बरे दिसते, आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

असे वारंवार होत असेल तर मासा तीनदा वेगवेगळ्या रोगांनी आजारी पडलेला नसतो. पहिल्यांदा तो बरा झाला तो ताज्या पाण्यामुळे, आणि ते पाणी पुन्हा जुन्या बरणीइतके बिघडायला दोन-तीन आठवडे लागले, इतकेच. म्हणून औषधाच्या आधी अमोनिया (माशाच्या उत्सर्गातून येणारे विष), नायट्राइट आणि नायट्रेट (जिवाणू अमोनिया पचवताना क्रमाने होणारे पदार्थ), पीएच (पाण्याची आम्लता) आणि केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) मोजणारे थेंबांचे टेस्ट किट घ्या. अमोनियाच्या नळीचा रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरून वाचा. ट्यूबलाइटखाली पिवळा रंगही हिरवट भासतो.

फायटर बरणीत का तगतो, आणि त्यामुळे काय बिघडते

या माशाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेतला प्राणवायू घेणारे खास इंद्रिय असते. पाण्यात प्राणवायू संपला तरी तो वर येऊन हवा घेतो. म्हणून तो दोन लिटरच्या बरणीत मरत नाही, आणि "याला फिल्टर लागत नाही" हा समज त्यातूनच आला. पण अमोनिया बाहेर टाकण्याचे काम कल्लेच करतात. पाण्यात अमोनिया साठला की कल्ले जळतात, अंगावरचा चिकट थर बिघडतो आणि पाण्यात नेहमीच असणाऱ्या जिवाणूंना परांच्या कडा खायला मिळतात. नायट्राइटचे प्रकरण आणखी फसवे आहे. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकदच काढून घेतो, त्यामुळे मासा कितीही वेळा वर येऊन हवा गिळत असला तरी उपयोग होत नाही. कल्ले भराभर हलत आहेत, मासा सारखा पृष्ठभागावर जातो आहे आणि अमोनिया शून्य आहे, असे दिसले तर नायट्राइट मोजा.

बरणीतून काढतानाची चूक

दुर्लक्षित बरणीतल्या पाण्याचा पीएच बहुधा घसरलेला असतो, कधी ६ च्याही खाली. अमोनिया भरपूर असतो, पण आम्ल पाण्यात त्याचा जवळजवळ सगळा भाग अमोनियम या सौम्य रूपात राहतो. मासा म्हणून जिवंत असतो. २८ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला सुमारे ०.७ टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे जवळपास नऊपट. आता नळाचे ७.५ ते ८ पीएचचे पाणी त्या बरणीत थेंबाथेंबाने सोडत बसलात, तर काळजीपोटी तुम्हीच त्याला विष पाजता.

करायचे असे. आधी नव्या टबातले पाणी तयार ठेवा: क्लोरीन काढलेले, बरणीइतक्याच तापमानाचे. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मीटरने दोन्ही पाणी मोजा. फरक १५० च्या आत असेल तर मासा कपात धरून (जाळीत पर अडकून फाटतात) सरळ टबात सोडा, बरणीचे पाणी सोबत येऊ देऊ नका. फरक जास्त असेल तर बरणीत आधी अमोनिया निष्प्रभ करणारे कंडिशनर बाटलीवरच्या मात्रेने घाला आणि मग दर २० मिनिटांनी चौथा भाग पाणी काढून तेवढे नवे घाला. असे पाच-सहा वेळा केल्यावर मासा हलवा. बाजारातले साधे अँटी-क्लोरीन बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. ते क्लोरीन मारते, पण अमोनियाला हात लावत नाही, तेव्हा बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचूनच घ्या.

टब पांढरा, १५ लिटरचा, झाकणाचा घ्या. ५ आणि १० लिटरवर पर्मनंट मार्करने बाहेरून रेघ मारा; अंदाजाने पाणी बदलणे हे निम्म्या अपयशाचे कारण आहे. तळ पांढरा असला की विष्ठा, उरलेले दाणे लगेच दिसतात. खडी-वाळू नको. मासा अगदी क्षीण असेल तर पहिले दोन दिवस पाण्याची खोली १०-१२ सेंटिमीटरच ठेवा, म्हणजे हवेसाठी त्याला लांब पोहावे लागणार नाही. त्या काळात टबात १० लिटरपेक्षा कमी पाणी असेल, तेव्हा मिठाची आणि औषधाची मात्रा असलेल्या लिटरवर काढा. पाण्याच्या वर झाकणाखाली चार बोटे हवा राहू द्या. पहिले २४ तास खाणे नको, उजेड मंद.

पाणी बदलण्याचा हिशेब

जिथे खरी गोम आहे ती जागा ही. टबातल्या, एअर पंपवर चालणाऱ्या स्पंज फिल्टरमध्ये अमोनिया खाणारे जिवाणू तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया काढण्याचा एकच मार्ग, पाणी बदलणे, आणि किती बदलायचे हे गणिताने ठरते.

समजा टबातल्या १० लिटर पाण्यात एक फायटर रोज ०.२ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) अमोनिया वाढवतो. चार-सहा दाणे खाणाऱ्या माशासाठी हा आकडा वास्तवाजवळ आहे. रोज ५० टक्के पाणी बदलले तर अमोनिया वाढत जाऊन रोजच्या वाढीच्या दुप्पट पातळीवर, म्हणजे ०.४ वर थांबतो. रोज २५ टक्के बदलले तर चौपटीवर, ०.८ वर. आणि सर्वत्र दिला जाणारा "आठवड्याला ३० टक्के" हा सल्ला पाळला, तर जिवाणू नसलेल्या टबात तो ४.७ च्या आसपास जाऊन थांबतो. "आम्ही दर रविवारी पाणी बदलतो, तरी असे का?" याचे उत्तर या एका आकड्यात आहे. आठवड्याचा सल्ला चुकीचा नाही, पण तो जिवाणू बसलेल्या टाकीसाठी आहे. हाच मासा दोन लिटरच्या बरणीत असेल तर रोजची वाढ ०.२ ऐवजी १ पीपीएम होते, आणि मग कुठलेही वेळापत्रक पुरत नाही.

म्हणून पहिले चार आठवडे १० लिटरमधले ५ लिटर रोज बदला. सकाळी चाचणीत अमोनिया किंवा नायट्राइट ०.५ किंवा जास्त दिसला तर त्या दिवशी दोनदा बदला. दोन्ही सलग सात दिवस शून्य आणि नायट्रेट वाढताना दिसला, की एक दिवसाआड, मग आठवड्याला दोनदा असे उतरा. एकदम आठवड्यावर उडी नको.

नायट्राइट वर गेला असेल तर लिटरला १ ग्रॅम खडे मीठ घाला. मिठातले क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. १० लिटरला १० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून, वाटीभर पाण्यात विरघळवून. पुढच्या बदलात ५ लिटर काढले तर मीठ ५ ग्रॅमच. दरवेळी पूर्ण १० ग्रॅम घालत राहिलात तर पाणी हळूहळू २ ग्रॅम प्रति लिटरवर जाते. बाष्प होऊन कमी झालेल्या पाण्याच्या जागी बिनमिठाचे पाणी, कारण मीठ उडून जात नाही.

ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंज मागून आणा. ओल्या पिशवीत, त्याच दिवशी. चार आठवड्यांचे काम दहा-बारा दिवसांवर येऊ शकते. आजारी टाकीतला स्पंज मात्र फुकट मिळाला तरी नको. आणि स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. बदललेल्या जुन्या पाण्यात दोनदा पिळायचा. नळाखाली धुतलेला स्पंज हे दुसऱ्या महिन्यात पुन्हा आजारी पडण्याचे सर्वांत जास्त आढळणारे कारण असावे.

ठाणे-नवी मुंबईतले पाणी

ठाण्याला बरेचसे भातसेचे, नवी मुंबई महापालिकेला मुख्यतः मोरबे धरणाचे पाणी येते. धरणाचे पाणी साधारण मृदू असते, फायटरला मानवते. पण मृदू पाण्यात केएच कमी असतो, आणि जिवाणू अमोनिया पचवताना तोच केएच खर्च करतात. तो संपला की पीएच कोसळतो, ६.५ च्या खाली जिवाणूंचे काम मंदावते, अमोनिया परत दिसू लागतो. सगळे ठीक चाललेले असताना दीड-दोन महिन्यांनी मासा सुस्तावला, तर केएच तपासा. ३ डिग्रीच्या खाली असेल तर जाळीच्या पिशवीत दोन चमचे धुतलेला शिंपल्यांचा चुरा फिल्टरजवळ ठेवा. तो हळू विरघळतो. खाण्याच्या सोड्याने काम लवकर होते (१० लिटरला ०.३ ग्रॅमने केएच साधारण १ डिग्री वाढतो), पण पाण्यात अमोनिया असताना पीएच झटक्यात वाढवणे किती महाग पडते ते वर आलेच आहे. आधी पाणी बदला, मगच सोडा. आरओ फिल्टरचे पाणी "शुद्ध" म्हणून वापरणाऱ्यांकडे हा घोटाळा आणखी लवकर होतो, कारण त्यात केएच जवळपास नसतोच.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या अनेक सोसायट्यांत पालिकेच्या पाण्यात टँकरचे पाणी मिसळते. टँकर बोअरवेलचा असेल तर एका दिवसात टीडीएस दुप्पट-तिप्पट होऊ शकतो आणि मासा कारण नसताना गळल्यासारखा दिसतो. बादली भरली की मीटर बुडवायची सवय लावा. आकडा नेहमीपेक्षा १०० ने वेगळा असेल तर त्या दिवशी ५ लिटर एकदम न बदलता दोन-दोन तासांच्या अंतराने तीन हप्त्यांत बदला.

पाणीकपातीच्या शटडाऊननंतर येणारे पहिले पाणी गढूळ असते, कधी क्लोरीनचा वासही नेहमीपेक्षा उग्र येतो. शटडाऊनची बातमी आली की आदल्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवा. उघड्या बादलीत क्लोरीन २४ तासांत निघून जाते, पण पावसाळ्यात उघडी बादली म्हणजे डेंग्यूच्या डासांना आमंत्रण. तोंडाला सुती कापड बांधा, आणि आठवड्यावर पाणी साठवू नका.

तापमान

२६ ते २८ अंश हवे, आणि त्याहून महत्त्वाचे, दिवस-रात्रीत फरक दोन अंशांच्या आत. जानेवारीत ठाण्याच्या येऊर डोंगराच्या पायथ्याकडच्या घरांत टबातले पाणी रात्री बरेच उतरते. पचन मंदावते, मासा फुगतो. २५ वॉटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर १० ते १५ लिटरला पुरतो. पाणी बदलण्याआधी पंधरा मिनिटे प्लग काढा, गरम काच उघडी पडली की तडकते.

मे महिन्यात उलटे संकट. गच्चीवरच्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला चटका देण्याइतके तापलेले असते, ते सरळ टबात गेले तर एका मिनिटात सारी मेहनत वाया. पहाटे भरलेले पाणी वापरा. टबावर लहान पंखा लावल्यास पाणी दोन-तीन अंश उतरते, मात्र दमट हवेत परिणाम कमी.

वीज गेली तर घाबरू नका, फायटर हवेवर निभावतो. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर पाणी उलटे पंपात उतरते. वीज सहा-आठ तास नसेल तर सुरू करण्याआधी स्पंज एकदा टबातल्या काढलेल्या पाण्यात पिळून घ्या.

परांकडे नीट पाहा

खूप मासे बरे होत असतानाच औषधाने आजारी पाडले जातात. नव्याने उगवणारा पर कडेला पातळ, पारदर्शक किंवा दुधी दिसतो, आणि लोकांना ती बुरशी वाटते. रोज एकाच जागेवरून, एकाच उजेडात फोटो काढा. पारदर्शक पट्टा आठवड्यागणिक रुंद होत असेल तर ती वाढ आहे. झिजणाऱ्या पराची कड काळपट, लालसर किंवा भुरी असते आणि पट्टा आत सरकतो. कड स्वच्छ आणि रात्रीत अर्धगोल तुकडा गायब, तर माशाने स्वतःची शेपटी चावली आहे. तिथे फिल्टरचा जोर कमी करा, आरशासारखी चमकणारी बाजू झाका, लपायला रुंद पान द्या. वाकडे झालेले परांचे काटे पुढेही थोडे वाकडे राहतात, त्यावर उपाय शोधत बसू नका.

देशी बदामाची सुकी पाने उपयोगी आहेत. त्यातल्या टॅनिनने पाणी किंचित आम्ल होते आणि मासा शांत राहतो. लाल होऊन आपोआप गळलेले, रस्त्याच्या धुरापासून आणि फवारणीपासून दूरच्या झाडाचे पान धुऊन १० लिटरला अर्धे पुरे. जास्त घातले तर मृदू पाण्यात पीएच पुन्हा घसरतो. पानाने जखम भरते म्हणून रोज पाणी बदलणे थांबवणारे लोक मात्र माशाचे नुकसान करतात.

औषध खरोखर लागते तेव्हा

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके: पांढरे ठिपके, म्हणजे इक. तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत ३० पर्यंत न्या, मीठ २ ग्रॅम प्रति लिटर, ठिपके गेल्यावरही किमान दहा दिवस चालू. मोबाइलचा टॉर्च तिरपा मारल्यावर सोनेरी धूळ दिसली तर वेल्व्हेट. हा परजीवी उजेडावरही जगतो, म्हणून टब पूर्ण झाका, मीठ तितकेच, आणि फरक न दिसल्यास तांब्याचे औषध बाटलीवरच्या मात्रेने.

कापसासारखा उभा पुंजका जखमेवर असेल तर बुरशी. मेथिलीन ब्ल्यूचा १ टक्का द्राव १० लिटरला २ मिलिलिटर घ्या, पण स्पंज काढून वेगळ्या बादलीत चालू ठेवा, नाहीतर बसलेले जिवाणू मरतील. बाटलीवर प्रमाण छापलेले नसेल तर ती घेऊच नका. पाठीवर किंवा तोंडाभोवती सपाट, राखाडी-पांढरा डाग एक-दोन दिवसांत पसरत असेल तर तो बहुधा कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा रोग आहे. इथे तापमान वाढवणे घातक, कारण उष्णतेत तो आणखी वेगाने पसरतो. पाणी २४-२५ अंशांवर आणा आणि माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाला त्याच दिवशी गाठा. माणसांच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल फोडून टाकू नका. जड पाण्यात कॅल्शियम ते औषध बांधून टाकते, आणि उरते फक्त तपकिरी पाणी.

वरून पाहिल्यावर खवले अननसाच्या सालीसारखे उभे दिसत असतील तर मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, आणि बहुतेक मासे यातून वाचत नाहीत. एप्सम मीठ १० लिटरला ३ ग्रॅम, उबदार शांत पाणी आणि खाण्याची सक्ती नको, एवढेच करता येते. पोट फुगले आहे पण खवले अंगासरशी आहेत, तर ते अजीर्ण असते: दोन दिवस उपास, मग गोठवलेले डाफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव). उकडलेला वाटाणा देण्याची पद्धत सोडा, फायटर मांसाहारी आहे.

खाणे, आणि गणपतीची सुट्टी

सुधारणाऱ्या माशाला दिवसातून दोनदा दोन-तीन बारीक दाणे, एक मिलिमीटरचे, ४० टक्क्यांच्या वर प्रथिने असलेले. पाच मिनिटांत न खाल्लेला दाणा ड्रॉपरने उचला. नाल्यातले जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) नकोत, रोग घरात येतात. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आठवड्यातून दोनदा पुरे.

गणपतीला कोकणात जाताना लोक शेजाऱ्यांकडे खाण्याची डबी सोपवतात, आणि परत येईपर्यंत टब पांढरट झालेला असतो. शेजारी प्रेमाने चिमूटभर टाकतो, ती पंधरा-वीस दाण्यांची असते. सुट्टीचे न विरघळणारे खाद्यही तळाशी कुजते. पूर्ण बरा झालेला फायटर पाच-सहा दिवस उपाशी आरामात राहतो. जायच्या आदल्या दिवशी ५० टक्के पाणी बदला आणि डबी कुलपात ठेवा. अजून उपचार चालू असतील तर घरात कोणीतरी रोज पाणी बदलायला हवेच. मोजलेले ५ लिटर भरलेले कॅन आणि चार-चार दाण्यांच्या तारीख घातलेल्या पुड्या करून ठेवा. परत आल्यावर आधी अमोनिया आणि नायट्राइट मोजा, आकड्याप्रमाणे पाणी बदला, आणि पहिले दाणे दुसऱ्या सकाळी द्या.